आळसावर पाच फेऱ्या

आमच्या पीटीच्या सरांबरोबर कुठंही गेलं की परत येताना मान खाली घालून यावं लागतं, हे मी शाळेत नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात शिकलो. शिकलो, आणि तरीही जात राहिलो. एक तर स्कूटर माझ्याकडे होती, त्यांच्याकडे नव्हती. आणि खरं सांगायचं तर असा खेळ तिकिटाशिवाय दुसरीकडे कुठं बघायला मिळणार?

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न गोंदियाला होतं. मोठा लॉन, मोठा मांडव, आणि जेवणाच्या टेबलांपाशी अशी झुंबड की पुरी घ्यायला गेलेला माणूस भाजी घेऊनच परत येई. मी ताटली धरून योग्य संधीची वाट बघत होतो. तेवढ्यात शिट्टी वाजली. सर एका खुर्चीवर चढून उभे होते. "उंचीप्रमाणे रांग! लहान पुढे, मोठे मागे!" आणि काय सांगू, लोक लागले की रांगेत. शालू नेसलेल्या बायका, सफारीतले ठेकेदार, चांगले पिकल्या केसांचे पाहुणे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उंची मोजू लागले. नवरीचा मामा चांगला सहा फुटी गडी. तो बिचारा शेवटी गेला. त्यानं मला विचारलं, "भाईसाब, ये कौन हैं?" मी म्हटलं, "पता नहीं जी." हे शब्द हवेत असतानाच खुर्चीवरून हाक आली, "मराठीचे मास्तर, तुम्ही बायकांच्या मागे तिसरे या."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी ताटलीकडे पाहिलं.

कोहमाऱ्याच्या चौकात एका ढाब्यावर त्यांनी रायपूरच्या एका ट्रकवाल्याला जेवणाआधी बैठका मारायला लावल्या होत्या. ट्रकवाल्याचं पोट स्टिअरिंगला टेकत होतं, एवढाच त्याचा गुन्हा. मी पाण्याचा जग तोंडापुढे धरून बसलो होतो. पण त्यानं मारल्या हो. न मारून सांगतो कुणाला? सरांचा आवाजच असा होता की तलावाच्या पाळीवरून 'सावधान' म्हटलं तर पलीकडच्या काठावरच्या म्हशी मान वर करायच्या. एका अंत्ययात्रेत त्यांनी खांदेकऱ्यांना 'एक-दो, एक-दो' करत पावलं जुळवायला लावली होती, तेव्हा मात्र मी मधेच चपलेचं निमित्त काढून मागे राहिलो.

त्यांचं एक शास्त्र होतं. जगात रोग नावाची वस्तूच नाही. आहे तो आळस. सर्दी म्हणजे ओला आळस, ताप म्हणजे गरम आळस, मधुमेह म्हणजे गोड आळस. सांधे धरले की गंजलेला आळस. आणि सगळ्यांवर औषध एकच: मैदानाला पाच फेऱ्या. पोट दुखतं? पाच फेऱ्या. गणित येत नाही? पाच फेऱ्या. हेडमास्तरांना अर्धशिशी होती. त्यांनाही एकदा सुचवून झालं होतं. स्वतः सर चहासुद्धा उभ्यानं पीत, तोही पहाटेपासून कपावर कप. बसून चहा पिणारा लवकर म्हातारा होतो म्हणे. फक्त त्यांच्या घरात हे शास्त्र चालत नसे. वहिनींना एकदा हिवताप आला आणि सरांनी 'फेऱ्या' एवढा शब्द उच्चारला, तेव्हा वहिनींनी अंथरुणातून पितळी गडवा असा फेकला की सर त्या दिवशी शाळेत कपाळाला पट्टी लावून आले. "खेळताना लागलं," म्हणाले.

गाव त्यांना मानायचं. दवनीवाड्याच्या पुढचं आमचं गाव, धानाचं, तलावाचं. निम्मे बाप त्यांच्याच हाताखालून गेलेले. सरांनी एखाद्या पोराला 'चांगलं' म्हटलं की त्या घरी मटण शिजे, आणि 'वाया गेलं' म्हटलं की ते पोर दुसऱ्या दिवसापासून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल तुडवताना दिसे. मास्तराचा शब्द म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. तो खोडायची कुणाची हिंमत नव्हती, सरांची तर नव्हतीच. खोडावा लागेल असा शब्द आपल्या तोंडून जातो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आठवीत एक मुलगी होती. ज्यांच्या पूर्वजांनी गावचा तलाव खोदला त्या घराण्यातली. वडील शेतकरी, घरचे चांगले. मुलगी गोल चेहऱ्याची, फिकट, डोळ्यांखाली सूज. माझ्या तासाला खिडकीपाशी बसायची आणि बसल्या बसल्या झोपायची. प्रश्न विचारला तर उत्तर यायचं, बरोबरही असायचं, पण मी पुढच्या दोन प्रश्नांवर गेल्यावर यायचं. शनिवारच्या कवायतीला सगळ्यात शेवटी पोहोचायची. मग पाच फेऱ्या. ती त्या चालत चालत घालायची, कुरकुर न करता, एखादी बैलगाडी यावी तशी. तोवर दुसरा तास सुरू व्हायचा. सरांनी तिचं नाव ठेवलं होतं, आळशांची राणी. पोरांनी ते उचललं. स्टाफरूममध्ये आम्हीही हसायचो.

हिवाळ्यात सहल आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडला गेली. सरांनी पायथ्याशीच दर्ग्याला आलेल्या चार परक्या यात्रेकरूंनाही पोरांच्या रांगेत घेतलं. मी नेहमीप्रमाणे लांब जाऊन झाडाचं निरीक्षण केलं. अर्ध्या चढावर ती मुलगी दगडावर बसली. दोन स्वेटर, वर शाल, आणि तरी ओठ निळसर. म्हणाली, पाय उचलत नाहीत. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ही आळशी आहे. हिच्यासाठी कोणी थांबायचं नाही." आणि तरातरा वर गेले. मी स्थूल माणूस, मला थांबणं आवश्यक होतंच, तेव्हा देखरेखीच्या नावाखाली मी तिच्याशेजारच्या दगडावर बसकण मारली. शेंगदाणे काढले. ती म्हणाली, "सर, तुमाले चढता येत नाही का मनच होत नाही?" मी म्हटलं, मनच होत नाही. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "माहं मन होते जी." बस्स. मी शेंगदाण्यांत गुंतलो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. मला वाटलं, भांडायला आले. त्यांनी सरांचे पाय धरले. बरं केलं म्हणाले, चारचौघांत सांगितलं. घरी आम्ही सांगून थकलो. पुढच्या वर्षी शाळा बंद करतो हिची, आळशी पोरीला शिकवून करायचं काय. सर प्रसन्न झाले. त्यांचं शास्त्र गावानं मान्य केलं होतं.

आता सरांचं काय झालं ते सांगतो. ते एका दिवसात झालं नाही. आधी त्यांच्या आवाजाला कीड लागली. 'सावधान'मधला 'धा' घशात अडकू लागला. मग चेहरा सुजला, चाल जड झाली, उभ्यानं चहा पिणारा माणूस टेबलाला टेकू लागला. आणि मग आला मे महिना. आमच्याकडचा मे तुम्हाला ठाऊक नसेल; डांबराला चप्पल चिकटते आणि कुत्रीसुद्धा दुपारी कोर्टाच्या तारखेला गेल्यासारखी गायब होतात. त्या मे महिन्यात, पेपर तपासायला सगळे स्टाफरूममध्ये बसलेले असताना, सर स्वेटर घालून आले, कानाला मफलर, आणि आल्या आल्या त्यांनी पंखा बंद केला. हेडमास्तरांनी चालू केला. सरांनी बंद केला. शेवटी विज्ञानाच्या बाईंनी बटणावर छडी ठेवून पहारा दिला. "थंडी वाजून राहिली," सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, आणि मग मला का कोण जाणे, त्यांच्याकडे बघवेना.

पावसाळ्यानंतर तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा झाल्या. धावण्याची शर्यत सोडायचा मान वर्षानुवर्षं सरांचा. पोरं रेघेवर वाकली. सर म्हणाले, "जागेवर." मग म्हणाले, "तयार." आणि मग काहीच म्हणाले नाहीत. हात वर, शिट्टी ओठांत, नजर समोरच्या धानाच्या बांध्यांवर. पोरं वाकलेली. मांडवातले पाहुणे वाकून बघताहेत. एका पोराचा तोल जाऊन तो तोंडावर पडला, तेव्हा हशा फुटला. दुसऱ्याच शाळेच्या मास्तरानं शेवटी टाळी वाजवून शर्यत सोडली. सर माझ्या शेजारी येऊन खुर्चीत बसले. चहा आला, तो त्यांनी बसून घेतला. लोक अजून हसत होते आणि मला वाटत होतं, जमिनीनं मला खुर्चीसकट घ्यावं.

सर हळूच म्हणाले, "मास्तर, कोणाला सांगू नका. मला आळस झालाय."

एखादा माणूस कॅन्सर झाल्याचं सांगेल ना, तसं म्हणाले.

आणि उपचार काय? तोच. दुसऱ्या दिवसापासून सर पहाटे मैदानात. दोन स्वेटर, मफलर, आणि स्वतःच स्वतःला 'एक-दो'. पाच फेऱ्यांनी उतरला नाही म्हणून आणखी पाच. एका सकाळी शिपायाला ते गोलपोस्टापाशी बसलेले दिसले, उठता येत नव्हतं. मी स्कूटर काढली आणि त्यांना गोंदियाला नेलं. सगळ्या वाटेत ते माझ्या पाठीला टेकून घोरत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला चटपटीत. काय होतं म्हणून विचारलं तर सर खाली मान घालून म्हणाले, "आळस." बाईंनी त्यांची जीभ पाहिली, कातडी चिमटीत धरली, मानेवर दोन्ही हातांनी चाचपलं. मग त्यांना टेबलावर बसवून घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाय उडाला, आणि मग असा सावकाश, ऐसपैस खाली आला, जणू रविवार आहे.

"आणि हा पायही आळशी आहे का?" बाई म्हणाल्या. "याला तर मी न विचारता मारलं."

मग त्यांनी समजावलं. गळ्याच्या खालच्या बाजूला थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिच्यातून जे संप्रेरक रक्तात जातं ते सगळ्या शरीराला चाल देतं. हृदय किती ठोके देईल, आतडं किती सरकेल, अंगात ऊब किती राहील, डोकं किती झटपट चालेल. ते कमी पडलं की थंडी वाजते, झोप येते, चेहरा सुजतो, पोट साफ होत नाही, आवाज घोगरा होतो, आठवण जाते. रक्त तपासायचं, आणि निघालं तर रोज एक गोळी. वय झालेलं, हृदय जपायला हवं, म्हणून सुरुवात थोड्या मात्रेनं. बाई बोलत होत्या आणि सर ऐकत होते. पण मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो माणूस स्वतःचं काही ऐकतच नव्हता.

"हे लेकरांना होतं का?" त्यांनी विचारलं.

होतं, बाई म्हणाल्या. मुलींना जास्त. लहान वयात हे सगळं असतंच, शिवाय वाढ थांबते. बरोबरीची पोरं उंच होत जातात, हे पोर तिथंच राहतं. लवकर कळलं तर गोळीनं भरून निघतं. जितका उशीर तितकं कठीण.

परतताना दवनीवाड्याच्या अलीकडे सर म्हणाले, थांबा. मी थांबलो. दोन्ही बाजूंना धान निसवलेलं होतं. सर उतरले आणि बांधावर उभे राहिले. मला वाटलं लघवीला गेले असतील. बराच वेळ झाला म्हणून जवळ गेलो.

"पाचवीत ती रांगेच्या मध्यावर उभी राहायची, मास्तर," ते म्हणाले. "सहावीत चार पोरी तिच्या मागं गेल्या. सातवीत अखीन. आठवीत ती सगळ्यात पुढं आली. आता नववीत तिच्या पुढं उभं कराले कोणी नाही." त्यांचा आवाज बेडकासारखा झाला होता. "दर वर्षी रांग मीच लावून राहिलो होतो. माझ्या हातानं धरून पुढं आणलं तिला."

मी जाऊन स्कूटर चालू केली.

सरांचं रक्त तपासून आलं ते बाईंनी सांगितल्यासारखंच. पण गोळी सुरू केल्याबरोबर त्यांनी पहिलं काम केलं ते मला घेऊन त्या मुलीच्या घरी जायचं. तिचे वडील छपरीत बाजेवर बसले होते. सर दिसताच उठले आणि टाचा जुळवून ताठ उभे राहिले; शाळा सोडून पंचवीसेक वर्षं झाली असतील, सवय गेली नव्हती. सरांनी सांगायला सुरुवात केली. मुलीला बहुधा आजार आहे, रक्त तपासावं लागेल, आपलं चुकलं.

वडिलांनी शांतपणे ऐकलं. "सर, तुमीच तं आळशी म्हनले होते."

"म्हटलं होतं. खोटं होतं ते."

"तुमचा शब्द कायले खोटा होईन जी? मी तुमच्याच शब्दावर तिची शाळा बंद करून राहिलो होतो. ते तं तिच्या मायनं रडून-पडून नववीत टाकली."

सरांनी सगळं परत सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत, अडखळत. वडिलांचा चेहरा कठीण होत गेला. ते उठून आमच्या जवळ आले आणि आवाज खाली आणून बोलले. आळशी पोरगी, म्हणाले, सासरी गेली की सासू सरळ करते. तिचं लग्न होते. पण जिले जन्मभर गोळी लागते अशा पोरीले कोण करते? तुम्ही तिले आळशीच राहू द्या.

आतल्या दाराशी ती उभी होती. तिनं हे ऐकलं, आम्हीही ती ऐकते आहे हे पाहिलं, आणि कुणालाच कुणाकडे बघता येईना.

तेव्हा सरांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी मफलर काढला, स्वेटर काढला, सदऱ्याची वरची बटणं सोडली. जन्मभर छाती काढून चाललेला माणूस आपल्या जुन्या विद्यार्थ्यापुढे सुजलेल्या अंगानिशी उभा राहिला. "पाहून घे," म्हणाले. "गळा पाहा. हे पाय पाहा. तुझा मास्तर भरल्या मैदानात शर्यत सोडायचं विसरला, सगळा तालुका हसला. मी आळशी हाय का? सांग."

वडील खाली बघत म्हणाले, "घाला जी सदरा." मग स्वेटर उचलून त्यांच्या हातात देत म्हणाले, एकदा तपासून पाहू. पण गावात कोणाले माहीत नाही पडलं पाहिजे. सरांनी शब्द दिला.

तिचं रक्त सरांपेक्षाही वाईट निघालं. बाईंनी गोळी दिली आणि नियम सांगितला: सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पाण्यासोबत, आणि त्यानंतर अर्धा तास चहा नाही, काही नाही. चुकवायची नाही, एक दिवससुद्धा. सरांनी हा नियम कवायतीसारखा अंगावर घेतला. रोज सकाळी ते तिच्या घरी हजर. छपरीच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला ती. दोघं एकदमच गोळी तोंडात टाकायची आणि मग अर्धा तास गप्प. चहावाचून सरांचा जीव कासावीस व्हायचा, पण उठायचे नाहीत. मी दूध आणायच्या निमित्तानं तिकडून चक्कर मारायचो. रुसलेले दोन पाहुणे एसटीची वाट बघताहेत असं ते दृश्य दिसायचं.

आणि गोळीनं काम केलं हो. आधी तिचा स्वेटर गेला. मग चेहऱ्यावरची सूज गेली आणि आत एक निराळीच मुलगी निघाली, गालांच्या हाडांची, भुवया उंचावणारी. एके दिवशी माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिनं उत्तर दिलं, आणि मी तसाच बोलत राहिलो, कारण सवयच नव्हती. पुढच्या पावसाळ्यात शनिवारच्या रांगेत सरांनी तिचा खांदा धरला आणि एक जागा मागे नेलं. तिच्या पुढे उभं राहायला कुणीतरी सापडलं होतं. सर नंतर पंपाजवळ जाऊन बराच वेळ तोंड धूत होते.

पण गाव ते गाव. गोळीचं कुणाला माहीत नव्हतं. मास्तर रोज सकाळी त्या घरी जाऊन बसतात एवढं सगळ्यांना दिसत होतं. गावानं त्याचा अर्थ लावला. राणीसाहेबांना उठवायला मास्तर जातात. पोरं वर्गात विचारू लागली, आज सरांनी उठवलं का पानी मारून? तिची मैत्रीण म्हणून मिरवणारी एक होती, तिनंही विचारलं. ही सगळ्यांपेक्षा लवकर उठत होती, घरचं आवरून शाळेत येत होती, पहिल्या पाचांत आली होती, आणि तरी गावाच्या लेखी आळशांची राणीच. हे सरांच्या कानावर आलं नव्हतं. माझ्या आलं होतं; पण सांगू कसं? तो अर्धा तास एवढंच त्यांना जगण्यात सुख राहिलं होतं.

तिनंच सांगितलं. मी त्या दिवशी तिथं होतो. गोळ्या घेऊन झाल्या होत्या. वडील अंगणात विळ्याला धार लावत होते. ती म्हणाली, "सर, तुमी उद्यापासून येऊ नोका."

सरांना वाटलं, त्यांना त्रास नको म्हणून म्हणते. त्यांनी हात हलवून काही नाही, काही नाही केलं.

"तसं नाही जी. तुमी येता म्हणून लोक म्हंतेत, हे आळशी हाय, इले उठवाले मास्तर लागते. मी तं तुमच्या पहिले उठून राहतो. रोज." ती पहिल्यांदाच एवढं सलग बोलत होती आणि तिच्या बोलण्यात आता कुठं थांबा नव्हता. "तुमी बाबाले येऊन सांगितलं, चुकलं म्हनून. घरात सांगितलं. पन आळशी तं तुमी मले मैदानात म्हनले होते. गडावर म्हनले होते, सगळ्याईसमोर."

विळ्याची घासघास थांबली.

"गावात सांगाचं नाही, असा शब्द दिलाय मी तुझ्या बाबाला," सर म्हणाले.

"बाबाले बिमारीची लाज वाटते," ती म्हणाली. "मले आळसाची वाटते."

सरांनी वडिलांकडे पाहिलं. मीही पाहिलं. ते विळ्याच्या धारेवर अंगठा फिरवत होते. शेवटी मान वर न करता म्हणाले, "लग्न तिचं होनार हाय, माहं नाही. सांगाचं असन तं सांगा."

सर उठले. अर्धा तास व्हायचा होता तरी उठले. छपरीतून उतरताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. दुसऱ्या दिवसापासून ते तिकडे गेले नाहीत. गोळी आपल्याच घरी, वहिनींसमोर घेऊ लागले.

शनिवारी परिपाठाला सगळी शाळा मैदानात उभी होती. प्रार्थना झाली, बातम्या झाल्या. सर पुढे आले. मला वाटलं, कागद आणला असेल, निदान दोन वाक्यं तरी जुळवून आणली असतील. त्यांच्या हातात काही नव्हतं. आवाज अजून पुरता परतला नव्हता, आणि मागच्या रांगांना ऐकू जावं म्हणून ते ताणून बोलत होते. त्यांनी तिचं नाव घेतलं. म्हणाले, हिला मी आळशी म्हटलं होतं. ही आजारी होती. हिला थायरॉइडचा आजार आहे, मलाही आहे. मला दिसायला पाहिजे होतं, दिसलं नाही. हिला आळशी म्हणणं चूक होतं. ज्यांनी माझं ऐकून म्हटलं त्यांची चूकही माझीच.

आम्ही शिक्षक एका बाजूला उभे होतो. हेडमास्तर, विज्ञानाच्या बाई, मी. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होतो. सरांनी आयुष्यात मला कितीदा खाली बघायला लावलं असेल. पण आज त्यांच्यापायी नव्हतं ते. स्टाफरूममध्ये राणी म्हणून हसलो होतो ते आम्हीच.

सर मागे फिरणार तोच पाचवीतल्या एका चिमुकल्यानं हात वर केला. "सर, थायरॉइड म्हंजे का जी?"

सर थांबले. "गळ्यात एक ग्रंथी असते," म्हणाले. "तिच्यातून संप्रेरक," आणि अडले. पोराच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. सरांनी आमच्याकडे पाहिलं, विज्ञानाच्या बाईंनी घसा खाकरला.

"सर, मी सांगतो," दहावीच्या रांगेतून तिचा आवाज आला. कुणी परवानगी द्यायच्या आत ती बोलायलाही लागली होती.

"तलावात पानी रायते, ते पाटानं बांधीत येते. पाट बुजला तं पानी येत नाही, मंग धान वाढत नाही, पिवळा पडते. तसं गळ्यातून अंगात एक पानी येत रायते. माहा पाट बुजला होता. गोळी घेतली का पानी येते." ती जरा थांबली, आणि रांगेतल्या सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाली, "धान पिवळा पडला तं आपन पाट पाहतो. धानाले कोनी आळशी म्हनते का?"

मैदानात बहुतेक पोरं धानवाल्यांचीच होती. पुन्हा कुणी काही विचारलं नाही.